उद्यमनगरातल्या मशीन शॉपमध्ये दोन सबनेट जोडताना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे. मशीन शॉप. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींतून बिडाची कास्टिंगं येतात, इथं व्हीएमसी आणि सीएनसी लेथ अशा प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर त्यांचं मशीनिंग होतं आणि तपासणी होऊन माल गाडीत चढतो. खाली शॉप, वर ऑफिस. प्रोग्रॅम वरच्या कॉम्प्युटरवर बनायचा, पेनड्राइव्हमध्ये भरून जिना उतरायचा आणि मशीनला लागायचा. त्यात एकदा ड्रॉइंगचं रिव्हिजन बदललं, वर प्रोग्रॅम सुधारला, पण खाली मशीनच्या मेमरीत जुनाच राहिला. पाळी संपेपर्यंत बोअर (कास्टिंगमध्ये कोरलेली भोकं) जुन्याच मापाचे निघत राहिले. बोअर एकदा मोठा झाला की तो नग भंगारातच जातो. तो लॉट रिजेक्ट झाल्यावर मालकांनी मला बोलावलं.

मालकांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांचं मागणं सरळ होतं. "हे बघ, वरनं बटण दाबलं की प्रोग्रॅम खाली मशीनला गेला पाहिजे. ते पेनड्राइव्हचं झंगट नको आता. आणि दिवसात किती नग झाले ते मला वर बसून दिसू दे."

वर आणि खाली दोन्हीकडं नेटवर्क होतं, पण दोन्ही एकमेकांपासून तुटलेली. ऑफिसचे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, १९२.१६८.१.० च्या घरातले. पत्त्यांच्या अशा एका घराला सबनेट म्हणतात. इंटरनेटवाल्यांनी बसवलेला बॉक्स १९२.१६८.१.१ वर, त्याच्यावरच टॅलीचा कॉम्प्युटर, प्रिंटर, प्रोग्रॅमिंगचा पीसी. खाली मशीन बसवताना सप्लायरच्या इंजिनिअरनं प्रत्येक कंट्रोलमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, १९२.१६८.१०.० मधले आयपी हातानं भरून ठेवले होते, आणि कोपऱ्यात जुने प्रोग्रॅम साठवणारा एक विंडोज पीसी होता, ज्याला सगळे डीएनसी म्हणतात. त्याचा आयपी १९२.१६८.१०.५. दोन्हीकडं मास्क २५५.२५५.२५५.०.

शॉपमधल्या वायरमनचं म्हणणं होतं, एक केबल टाकून दोन्ही स्विच, म्हणजे सगळ्या केबली एकत्र येतात ते डबे, जोडून टाकायचे. तेवढ्यानं काम होत नाही, आणि का होत नाही हे आप्पांना कागदावर दाखवावं लागलं. कुठलाही कॉम्प्युटर पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, पाठवायच्या आधी आपला आयपी आणि समोरचा आयपी मास्कमधून तपासतो. २५५.२५५.२५५.० म्हणजे पहिले तीन आकडे जुळले तर समोरचा आपल्याच घरातला. मग तो सरळ ओरडून विचारतो, हा आयपी कुणाचा आहे, तुझा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, सांग. याला एआरपी म्हणतात. तीन आकडे जुळले नाहीत तर तो विचारतही नाही. पॅकेट थेट गेटवेच्या (घराबाहेरची पॅकेटं पुढं नेणाऱ्या उपकरणाच्या) हातात देतो आणि पुढचं त्याच्यावर सोडतो. त्यामुळं १९२.१६८.१.२५ चा पीसी आणि १९२.१६८.१०.५ चा पीसी एकाच स्विचला शेजारी लावले तरी ते एकमेकांशी बोलत नाहीत.

दुसरा सल्ला आप्पांच्या भाच्यानं दिला होता: सगळीकडं मास्क २५५.२५५.०.० करा, म्हणजे दोन्ही एकच घर होईल. हे चालतं. सगळीकडं केलं तर चालतं. अर्ध्या मशीनवर केलं आणि अर्ध्यावर राहिलं तर एक बाजू समोरच्याला शेजारी समजते आणि दुसरी त्यालाच परका समजून उत्तर गेटवेकडं पाठवते. पण माझा विरोध त्यापेक्षा मोठ्या कारणासाठी होता, आणि आजही आहे. मशीनच्या कंट्रोलला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. दहा-बारा वर्षं तो जसा आला तसाच चालतो. ऑफिसमध्ये मात्र रोज कुणी ना कुणी बाहेरचा लॅपटॉप लावतो, मेलमधली जोडलेली फाइल उघडतो. या दोन गोष्टी एकाच घरात आणून ठेवल्या, तर वरच्या एका बाधित लॅपटॉपला खालच्या प्रत्येक मशीनचा दरवाजा उघडा. लहान कारखान्यांत सगळं एका स्विचवर आणून कोंबायची जी पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. दोन सबनेट वेगळेच ठेवायचे आणि मध्ये राउटर, म्हणजे एका घरातली पॅकेटं दुसऱ्या घरात पोचवणारं उपकरण, बसवून लागेल तेवढीच वाट उघडायची, हे मी आप्पांना स्पष्ट सांगितलं. खर्च फार नाही, हेही सांगितलं.

"आधी चालतंय ते दाखव. मग पैशाचं बोलू," आप्पा म्हणाले. त्यांचं बरोबर होतं.

म्हणून पहिली चाचणी ऑफिसच्या माळ्यावर पडलेल्या एका जुन्या डेस्कटॉपवर केली. राजारामपुरीतल्या दुकानातून एक जादा लॅन कार्ड आणलं, डेबियन लिनक्स टाकलं. एक कार्ड ऑफिसच्या स्विचला, आयपी १९२.१६८.१.२५०. दुसऱ्या कार्डाची केबल जिन्यावरून खाली सोडून शॉपच्या स्विचला, आयपी १९२.१६८.१०.१. लिनक्समध्ये दोन कार्डं घातली म्हणून तो राउटर होत नाही. आयपी फॉरवर्डिंग, म्हणजे दुसऱ्याचं पॅकेट पुढं पाठवणं, या सेटिंगची किंमत मुळात शून्य असते, म्हणजे जे पॅकेट आपल्यासाठी नाही ते टाकून द्यायचं. ती एक करावी लागते, आणि मशीन बंद-चालू झाल्यावरही टिकावी म्हणून सिसकंट्रोलच्या (लिनक्सच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये लिहून ठेवावी लागते. साध्या कॉम्प्युटरनं आपण होऊन राउटर बनू नये, हा दंडक १९८९ च्या आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजातच घालून दिलेला आहे, आणि तो योग्यच आहे. नाहीतर दोन कार्डांचा प्रत्येक पीसी कुणाला न सांगता दोन नेटवर्कं जोडून बसला असता.

आता ऑफिसच्या पीसीवरून डीएनसीला पिंग, म्हणजे 'आहेस का' अशी हाक. उत्तर नाही. पॅकेट कुठल्या वाटेनं जातं ते दाखवणारा ट्रेसरूट लावला तर पहिला टप्पा १९२.१६८.१.१, म्हणजे इंटरनेटचा बॉक्स. हे अपेक्षितच होतं. ऑफिसच्या पीसीला १९२.१६८.१० कुठं आहे हे ठाऊक नाही, म्हणून तो ते पॅकेट गेटवेला देतो, आणि गेटवे ते बाहेर इंटरनेटच्या दिशेनं ढकलतो. १९२.१६८ ने सुरू होणारे आयपी १९९६ च्या आरएफसी १९१८ प्रमाणं खासगी वापराचे. बाहेरच्या जगात त्यांना वाट नाही, पॅकेट कुठंतरी मरतं. म्हणून त्या एका पीसीवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून रूट ॲड केला: १९२.१६८.१०.० ला जायचं असेल तर १९२.१६८.१.२५० च्या हातात दे. रूट प्रिंट करून ओळ दिसते का ते पाहिलं. दिसली.

पिंग परत. तरीही उत्तर नाही.

इथं बहुतेक लोक केबल बदलायला लागतात, स्विच बंद-चालू करतात. मला जुना डेस्कटॉप चाचणीला हवा होता तो याच क्षणासाठी. त्याच्यावर टीसीपीडंप चालतो, आणि दोन्ही कार्डांवर काय जातंय-येतंय ते डोळ्यांनी बघता येतं. दोन खिडक्या शेजारी उघडल्या. डावीकडं ऑफिसचं कार्ड, उजवीकडं शॉपचं. डावीकडं विनंती आली: १९२.१६८.१.२५ कडून १९२.१६८.१०.५ ला. त्याच क्षणी उजवीकडं तीच विनंती बाहेर पडली. दोन्ही ओळींत आयपी तेच, पण मॅक पत्ते वेगळे. डावीकडं ती ऑफिसच्या पीसीच्या मॅककडून राउटरच्या मॅकला आली होती, उजवीकडं राउटरच्या दुसऱ्या कार्डाच्या मॅककडून डीएनसीच्या मॅकला निघाली होती. टीटीएल, म्हणजे पॅकेट आणखी किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा, डावीकडं १२८, उजवीकडं १२७. राउटिंगचं सगळं काम या दोन ओळींत आहे. आयपी जसेच्या तसे, पाकीट नवं, आणि आयुष्य एकानं कमी. मी आप्पांच्या मुलाला खुर्ची ओढून शेजारी बसवलं आणि बोट ठेवून दाखवलं. तो मेकॅनिकल इंजिनिअर, पण त्याला ते लगेच कळलं.

म्हणजे पॅकेट जात होतं, उत्तर येत नव्हतं. उजव्या खिडकीत डीएनसीकडून एकही ओळ नाही. खाली जाऊन डीएनसीची सेटिंग बघितली: गेटवेची चौकट रिकामी. आजवर त्याला घराबाहेर कुणाशी बोलायचंच नव्हतं, तर कोण कशाला भरेल? त्याला विनंती मिळाली, पण १९२.१६८.१.२५ ला उत्तर कुठून पाठवायचं हे त्याला माहीत नाही, म्हणून उत्तर निघालंच नाही. जायची वाट आणि यायची वाट या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या सांगाव्या लागतात. राउटिंग अडलं म्हणून मला आलेल्या फोनांत सर्वांत जास्त वेळा हेच निघतं. वरच्या बाजूला सगळं बरोबर भरलेलं असतं आणि खालच्या बाजूला परतीचा रस्ता नसतो.

डीएनसीमध्ये गेटवे १९२.१६८.१०.१ भरला. पिंग अजूनही नाही. पण जुन्या डेस्कटॉपवरून डीएनसीला पिंग केला तर उत्तर येत होतं. डेस्कटॉपचं कार्ड त्याच्याच घरातलं, म्हणून. ऑफिसचा पीसी परक्या घरातला. हा फरक दिसला की संशय सरळ विंडोजच्या फायरवॉलवर, म्हणजे येणारं-जाणारं अडवणाऱ्या पहाऱ्यावर, जायला हवा. फाइल आणि प्रिंटर शेअरिंगचे तिचे नियम खासगी प्रोफाइलमध्ये फक्त लोकल सबनेटला परवानगी देतात, पिंगचा नियमही त्यातच आला. दुसऱ्या सबनेटवरून आलेलं सगळं ती गुपचूप गिळते. अशा वेळी फायरवॉलच बंद करायची सवय अनेकांना आहे. तसं करू नये. नियम उघडून स्कोपमध्ये १९२.१६८.१.० /२४ (/२४ म्हणजे तोच २५५.२५५.२५५.० चा मास्क) एवढं वाढवलं की काम होतं आणि बाकीचं कवच शाबूत राहतं. ते केलं आणि ऑफिसच्या पडद्यावर उत्तरं यायला लागली, टीटीएल १२७. विंडोज १२८ नं सुरू करतो, मध्ये एक राउटर, म्हणून १२७. नुसता हा आकडा बघून मध्ये किती राउटर आहेत ते कळतं.

मग मशीनं. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर इथरनेटच्या, म्हणजे नेटवर्कच्या केबलच्या, पानात तीन ओळी असतात: आयपी ॲड्रेस, सबनेट मास्क, आणि राउटर आयपी ॲड्रेस. तिसरी ओळ सगळ्या मशीनवर रिकामी. चालू जॉब मध्येच थांबवून नेटवर्कच्या सेटिंगला हात लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं, म्हणून एक जॉब उतरून दुसरा चढेपर्यंतच्या वेळेत एकेक मशीन घेतलं. तिथला सर्वांत जुना ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते प्रत्येक वेळी बाजूला उभे. "माझ्या ऑफसेटला हात लावू नका म्हणजे झालं," एवढंच त्यांचं म्हणणं. ऑफसेटचं, म्हणजे हत्यारांच्या मापातल्या दुरुस्त्यांचं, पान वेगळं, इथरनेटचं वेगळं, हे त्यांना दाखवलं. तरी आधी पॅरामीटर, ऑफसेट, प्रोग्रॅम, सगळ्याचा बॅकअप मेमरी कार्डवर घेतला. मामांची काळजी रास्त होती. त्या ऑफसेटमागं त्यांची कित्येक वर्षांची बसलेली मापं आहेत.

तिसरी ओळ भरली आणि मशीनं बोलायला लागली. ऑफिसमधल्या सॉफ्टवेअरला फानुकशी बोलायला टीसीपीचा (दोन कॉम्प्युटरमधलं संभाषण चालवणाऱ्या पद्धतीचा) पोर्ट, म्हणजे क्रमांकाचा दरवाजा, ८१९३ लागतो. तो उघडला, मशीनची प्रोग्रॅम यादी वर दिसली. मुलानं एक चाचणीचा प्रोग्रॅम वरून पाठवला आणि खाली जाऊन मामांकडून पडद्यावर खात्री करून घेतली.

एक जुना लेथ मात्र अडला. त्याच्या कंट्रोलला इथरनेट नाहीच. सिरियल पोर्टला एक छोटी डबी लावून तो नेटवर्कवर आणलेला. त्या डबीच्या सेटिंगमध्ये आयपी आहे, मास्क आहे, पण गेटवेची जागाच नाही. म्हणजे तिला परतीचा रस्ता सांगायची सोयच नाही. अशा उपकरणासाठी एक उपाय आहे: त्याच्याकडं जाणाऱ्या पॅकेटवर राउटरनं पाठवणाऱ्याचा आयपी बदलून स्वतःचा, १९२.१६८.१०.१, घालायचा. डबीला वाटतं शेजाऱ्यानंच विचारलं, ती शेजाऱ्याला उत्तर देते, आणि राउटर ते मूळ माणसाकडं पोचवतो. मास्करेड म्हणतात त्याला. हा नियम मी फक्त त्या एका डबीपुरता लिहिला. सगळ्या शॉपसाठी लिहिला असता तरी चाललं असतं, आणि एकाही मशीनमध्ये गेटवे भरावा लागला नसता. पण मग खाली प्रत्येक उपकरणाला सगळी विचारणा राउटरकडूनच आलेली दिसते. ऑफिसमधल्या कुठल्या पीसीनं काय पाठवलं हे नोंदीत कधीच सापडत नाही. लॉट रिजेक्ट झाल्यावर ज्या दुकानात प्रोग्रॅम कुणी, कधी बदलला हा प्रश्न उभा राहतो, तिथं ही माहिती पुसून टाकणं मला पटत नाही.

चाचणी झाली, आप्पांनी होकार दिला. जुना डेस्कटॉप कायमचा ठेवायचा नव्हता. बिडाची काळी धूळ हवेत असते, ती वीज वाहते, आणि पंख्यानं आत ओढली की बोर्डाचं आयुष्य किती ते सांगता येत नाही. केबल लावायच्या पाच पोर्टचा, बिनपंख्याचा, मायक्रोटिक कंपनीचा छोटा राउटर घेतला.

पण त्याआधी एक मोठा प्रश्न सोडवायचा होता. चाचणीत एकाच पीसीवर हातानं रूट भरला होता. ऑफिसच्या बाकीच्या पीसींचं काय? प्रत्येकावर कायमचा रूट लिहिता येतो, पण नवा लॅपटॉप आला की परत तेच. इंटरनेटच्या बॉक्समध्ये एकच स्टॅटिक (हातानं लिहिलेला कायमचा) रूट लिहिला तर सगळ्यांचं काम व्हायला हवं, पण पुरवठादारानं ते पान बंद करून ठेवलं होतं. ते उघडं असतं तरी मी तो मार्ग घेतला नसता. गोकुळ शिरगावच्या एका युनिटमध्ये मला हेच जोडलेलं सापडलं होतं. तिथली तक्रार अशी, की पिंग चालतो पण फाइल उघडत नाही. पीसीचं पॅकेट आधी इंटरनेटच्या बॉक्सकडं जातं, तिथून आतल्या राउटरकडं. परत येताना मात्र आतला राउटर आणि पीसी एकाच घरात असल्यामुळं उत्तर थेट पीसीकडं येतं, बॉक्सला वगळून. बॉक्सची फायरवॉल संभाषणाची एकच बाजू ऐकते. टीसीपीत पहिली हाक, मग होकार, मग पोच, अशी तीन पावलं असतात. मधलं पाऊल तिनं पाहिलेलंच नसतं, म्हणून तिसरं तिला बनावट वाटतं आणि ती ते टाकून देते. पिंगला ही तीन पावलं नसतात, म्हणून तो आरामात चालतो. पिंग चालला म्हणून नेटवर्क चाललं असं मी तेव्हापासून कुणाला म्हणू देत नाही.

म्हणून मांडणीच बदलली. मायक्रोटिक सगळ्यांच्या मध्ये. पोर्ट एक इंटरनेटच्या बॉक्सकडं, पोर्ट दोन ऑफिस, पोर्ट तीन शॉप. बॉक्सचा आतला आयपी बदलून १९२.१६८.१००.१ केला, आणि मोकळा झालेला १९२.१६८.१.१ मायक्रोटिकच्या ऑफिस पोर्टला दिला. यामुळं ऑफिसमध्ये ज्याच्या ज्याच्यात गेटवे हातानं भरलेला होता, त्याला हात लावावा लागला नाही. शॉप पोर्टला १९२.१६८.१०.१, जो मशीनमध्ये आधीच भरला होता. या मांडणीची खरी गंमत अशी, की दोन सबनेटमध्ये एकही स्टॅटिक रूट लिहावा लागत नाही. राउटरचा एक पाय या घरात, दुसरा त्या घरात. दोन्ही घरं त्याला थेट माहीत. तो प्रत्येकाचा गेटवे असला की जाणं-येणं दोन्ही त्याच्याच हातून होतं.

हा राउटर खोक्यातून निघतो तेव्हा पोर्ट दोन ते पाच आतून एका ब्रिजमध्ये बांधलेले असतात, म्हणजे ते चार पोर्ट मिळून एक साधा स्विच. तसाच ठेवून दोन आणि तीनमध्ये केबल लावल्या असत्या तर दोन्ही नेटवर्कं एका तारेवर आली असती, वायरमनच्या केबलसारखीच. म्हणून मूळ सेटिंग पूर्ण पुसलं. पुसल्यावर राउटरला आयपीही राहत नाही, पण विनबॉक्स हा त्याचं सेटिंग करायचा प्रोग्रॅम मॅक पत्त्यावरूनही आत शिरतो, त्यामुळं अडत नाही. मूळ सेटिंगबरोबर फायरवॉल, डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सोय) आणि इंटरनेटसाठीचा मास्करेडही जातो. ते सगळं परत लिहायचं. मास्करेड लिहिताना बाहेर पडणारा पोर्ट एक असा स्पष्ट नेमला. तो नेमला नाही तर ऑफिस आणि शॉपमधलं येणं-जाणंही त्याच नियमात सापडतं, सगळं चालल्यासारखं दिसतं, आणि परतीचे रस्ते भरलेत की नाही हे कधी उघडकीलाच येत नाही.

फायरवॉलवर मी सर्वांत जास्त वेळ दिला. सगळा उद्योग तिच्यासाठीच होता. नियम वरून खाली वाचले जातात, पहिला जुळला की पुढचे बघितले जात नाहीत. सर्वांत वर: जे संभाषण आधीच मान्य झालं आहे त्याची पुढची पॅकेटं सोड. त्याखाली: जे कुठल्याच संभाषणात बसत नाही ते टाक. मग प्रोग्रॅमिंगच्या पीसीवरून मशीनला ८१९३, सोड. त्याच पीसीवरून डीएनसीला ४४५, फाइलसाठी, सोड. आप्पांच्या पडद्यासाठी नग मोजणारा कॉम्प्युटर, त्यालाही ८१९३, सोड. डीएनसीवरून ऑफिसच्या प्रिंटरला ९१००, सोड, कारण जॉब कार्ड खालून छापायचं असतं. ऑफिसमधून इंटरनेट, सोड. आणि शेवटी: बाकी सगळं टाक. खालून इंटरनेट नाही. मशीनवाल्यांच्या इंजिनिअरला दूरवरून बघायचं असेल तर तेवढ्यापुरता एक नियम आहे, बंद करून ठेवलेला. आप्पांचा मुलगा तो चालू करतो आणि काम झालं की बंद करतो. प्रत्येक नियमासमोर किती पॅकेटं त्यावरून गेली याचा आकडा दिसतो. पहिल्या आठवड्यात शेवटच्या नियमाचा आकडा सारखा वाढत होता. नोंद चालू करून बघितलं तर डीएनसी पीसी दिवसभर विंडोज अपडेट आणि आणखी कुठंकुठं बाहेर जायचा प्रयत्न करत होता.

राहिली नावांची गोष्ट. वरून डीएनसी असं नाव टाकून फोल्डर उघडत नव्हता, आयपी टाकला की उघडायचा. विंडोज नाव शोधताना घरात ओरडून विचारतो, आणि ओरडा राउटर ओलांडत नाही. तो ओलांडत नाही हेही सबनेट वेगळे ठेवण्याचं एक कारण. मायक्रोटिकच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या यादीत, एक कायमची नोंद केली, वरचे पीसी नावासाठी त्यालाच विचारतात, काम झालं.

वर-खाली जाणाऱ्या केबलबद्दल दोन शब्द सांगतो, कारण कारखान्यात निम्मे त्रास तिथूनच येतात. स्पिंडलच्या ड्राइव्हची पॉवर केबल आणि नेटवर्कची केबल एकाच ट्रेमधून न्यायची नाही. आम्ही वेगळा पाइप टाकला, शील्डेड केबल घेतली आणि जिथं ओलांडावं लागलं तिथं काटकोनात ओलांडलं. कूलंटची वाफ कनेक्टरवर बसते, पिना हिरव्या पडतात, म्हणून मशीनच्या पॅनेलच्या आतच जोड दिला. राउटर वर ऑफिसमध्ये, यूपीएसवर. कॉन्फिगरेशन एक्सपोर्ट करून एक प्रत मुलाकडं आणि एक छापून आप्पांच्या कपाटात. मी उद्या नसलो तरी दुसऱ्या कुणालाही ते वाचून सगळं उभं करता आलं पाहिजे.

नंतर दुकानात एक नवीन व्हीएमसी आली. सप्लायरच्या इंजिनिअरनं सेटिंग विचारलं तर मुलानं त्याला तीन ओळींचा कागद दिला: आयपी, मास्क, राउटर आयपी. मला फोनही आला नाही, हे मला मुलानंच नंतर सांगितलं. आता आप्पांना कॉम्प्रेसर आणि फर्नेसच्या वीज मीटरचे आकडे वर हवे आहेत. ते मीटर मॉडबस नावाच्या पद्धतीनं बोलतात, पोर्ट ५०२, आणि त्यात पासवर्ड नावाचा प्रकारच नाही. त्यांना मशीनच्या सबनेटमध्ये घालणार नाही. मायक्रोटिकचा पोर्ट चार मोकळा आहे, त्यावर १९२.१६८.२०.० देणार, आणि तिकडं फक्त आप्पांच्या पडद्याच्या कॉम्प्युटरला वाट उघडणार. मीटरच्या सेटिंगमध्ये गेटवेची जागा आहे का, ते मागवायच्या आधीच दुकानदाराला विचारून ठेवलं आहे. आहे म्हणाला.